दोराखालच्या चिंध्या: ‘जुन्या करारात दया नाही’ या दाव्याला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातला देव कोपिष्ट, दया आली ती येशूबरोबर. परक्याला आणि षंढाला तर त्या देवाच्या दारात थाराच नव्हता. बायबलमधल्या एका दुर्लक्षित माणसाकडे नीट पाहिलं तरी हा दावा टिकत नाही. एबद-मलेख कूशी, यरुशलेमच्या राजवाड्यातला परदेशी चाकर. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३८ आणि ३९ या अध्यायांत मिळून त्याच्या वाट्याला जेमतेम अकरा वचनं आली आहेत.

‘जुन्या करारात दयेची भाषाच नाही.’
निर्गम ३४:६ मध्ये देव स्वतःची ओळख करून देतो ती दयाळू, कृपाळू, मंदक्रोध अशी. योना हा संदेष्टा तर याच दयेवर चिडतो (योना ४:२): तू निनवे या परक्या शहराला क्षमा करशील हे ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो.

‘परक्याला जागा नव्हती.’
कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेचा, आजच्या सुदानकडचा प्रदेश. यरुशलेमला बाबेलच्या खास्दी सैन्याचा वेढा पडलेला, भाकरी संपत आलेली. सरदारांनी यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकातल्या टाक्यात सोडलं. पाणी नव्हतं, नुसता चिखल. तो त्यात रुतला. अशी टाकी आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखी खडकात खोदलेली, पण बहुधा वर तोंड अरुंद आणि खाली पोट रुंद. आतल्या माणसाला स्वतःहून वर येता येत नाही.

यहूदाचा राजा सिद्कीया शहराच्या बन्यामिनी वेशीत बसला होता. वेस म्हणजे चारचौघांची जागा. तिथं जाऊन या परदेशी चाकराने सांगितलं, की या लोकांनी केलं ते वाईट आहे, तो माणूस तिथं उपाशी मरेल. एकाही स्वकीय सरदाराने असं म्हटल्याची नोंद नाही. राजाने ३० माणसं दिली (एका हस्तलिखितात ३ आहेत).

पुढचा तपशील बहुतेकजण वाचून सोडून देतात. एबद-मलेख आधी राजवाड्यात, भांडाराखालच्या खोलीत गेला आणि जुनी फाटकी वस्त्रं, चिंध्या घेऊन आला. त्या टाक्यात फेकल्या नाहीत, दोराने खाली सोडल्या. फेकल्या असत्या तर चिखलात पडल्या असत्या. मग वरून सांगितलं: या बगलेत, दोराच्या खाली धर. रुतलेल्या माणसाला ओढताना अंगाचं वजन आणि चिखलाची पकड, दोन्ही बगलांवर येतात. नुसता दोर कातडी सोलून काढतो. सुटका तर चिंध्यांशिवायही झाली असती. त्याने दुखणार कुठे याचा विचार केला, आणि पवित्र शास्त्राने तो विचार चिंध्यांसकट नोंदवून ठेवला.

‘षंढाला देवाने नाकारलं.’
अनुवाद २३:१ मध्ये मनाई आहे, हे खरं. पण यशया ५६:३-५ मध्ये ‘मी तर शुष्क वृक्ष’ म्हणणाऱ्या षंढाला देव आपल्या घरात मुलामुलींहून चांगलं नाव देऊ करतो. ते वगळून फक्त पहिलं वचन फिरवणं अप्रामाणिक आहे. मात्र एक खबरदारी: एबद-मलेखाला लावलेला मूळ इब्री शब्द ‘सारीस’ नुसत्या दरबारी अधिकाऱ्यालाही लागतो, मिसरातला अधिकारी पोटीफर सारीस होता आणि त्याला बायको होती. एबद-मलेखाबाबत अनेक भाषांतरं षंढ हाच अर्थ घेतात.

‘त्याला मिळाली ती दया नव्हे, कामाचा मोबदला.’
हा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार. पण ३९:१८ वाचा. तू यिर्मयाला काढलंस म्हणून, असं तिथं नाही. तू माझ्यावर भाव ठेवलास म्हणून, असं आहे. त्याआधीच्या वचनात देव म्हणतो, ज्यांना तू भितोस त्यांच्या हाती तुला देणार नाही. म्हणजे हा माणूस घाबरलेला होता. ती भीती त्याने कुणाजवळ बोलून दाखवल्याचा उल्लेख नाही, तरी देवाला ती ठाऊक होती.

वचन मिळालं ते असं: तुझा जीव तुला लूट म्हणून मिळेल. हरलेल्या लढाईतून परतणाऱ्या शिपायाच्या हाती लूट नसते, जीव वाचला तर तीच लूट. हेच शब्द ३८:२ मध्ये अख्ख्या शहराला ऐकवले होते: जो खास्द्यांकडे निघून जाईल तो जगेल, त्याचा जीव त्याची लूट होईल. ते ऐकवलं म्हणून तर यिर्मया टाक्यात गेला. पुढे राजालाही एकांतात तेच सांगितलं गेलं: शरण जा, तू वाचशील, शहर जळणार नाही. राजा म्हणाला, मला आधीच तिकडे गेलेल्या यहूद्यांची भीती वाटते. तो गेला नाही. कारकिर्दीच्या ११व्या वर्षी, चौथ्या महिन्याच्या ९व्या दिवशी तट फुटला, आणि रिब्ला इथं त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारून मग त्याचे डोळे काढले गेले.