ओपनबीएसडी लॅपटॉपसाठी नाही, हे कोणी ठरवलं?

'ओपनबीएसडी सर्व्हरवर ठीक. लॅपटॉपवर वायफाय चालत नाही, झाकण मिटलं की मशीन परत उठत नाही, रोजची सॉफ्टवेअर मिळत नाहीत, आणि त्या सुरक्षेचा साध्या माणसाला उपयोग काय?' सुरक्षेवर भर देणाऱ्या ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमबद्दल हा संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. यातला सॉफ्टवेअरचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे तपासले तर टिकत नाहीत.

वायफायचं बघा. इंटेलच्या बहुतेक चिपांसाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, सिस्टममध्येच असतो. नसतं ते फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, कारण परवान्याच्या अटींमुळे ते सोबत देता येत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी नेटची केबल लावावी लागते किंवा फोन यूएसबीने जोडावा लागतो. मग 'एफडब्ल्यू_अपडेट' (fw_update) ही कमांड लागेल ते फर्मवेअर स्वतःच ओळखून उतरवते. पुष्कळ जण या पायरीवरच अडतात आणि दोष सिस्टमला देतात. २०१८ च्या ६.४ आवृत्तीपासून तर एका फाइलमध्ये ओळखीच्या नेटवर्कांची नावं नि पासवर्ड लिहून ठेवले, की जे समोर असेल त्याला मशीन आपोआप जोडलं जातं.

झाकणाचं म्हणाल, तर ही सिस्टम लिहिणारे बरेच जण ती स्वतःच्याच लॅपटॉपवर वापरतात. झाकण मिटल्यावर झोपणं हे तिचं मूळ वर्तन आहे, वेगळी सेटिंग लागत नाही. एखादं मॉडेल नीट उठत नसेल, तर तो त्या मॉडेलचा प्रश्न.

सॉफ्टवेअर? फायरफॉक्स आणि क्रोमियम हे ब्राउझर, लिबरऑफिस, ग्नोम नि केडीई हे डेस्कटॉप, सगळं तयार पॅकेजमध्ये मिळतं. मात्र ब्लूटूथ नाही. तो कोड २०१४ मध्ये काढून टाकला. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, आणि व्हिडिओची कॉपी रोखणारं वाइडवाइन नसल्यामुळे बऱ्याच सशुल्क व्हिडिओ सेवा चालत नाहीत. ज्यांचं यावाचून अडतं, त्यांनी खुशाल दुसरी सिस्टम घ्यावी.

सुरक्षेचा मुद्दा मला सर्वांत खटकतो, कारण तिचा खरा उपयोग लॅपटॉपवरच आहे. मायक्रोफोन नि कॅमेरा इथे मुळातच बंद असतात. तुम्ही रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊन सेटिंग बदलेपर्यंत ब्राउझरने परवानगी मागितली आणि तुम्ही 'हो' म्हटलं, तरी रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतताच येते. 'प्लेज' आणि 'अनव्हील' या दोन सोयींनी प्रोग्रॅमचे हात बांधलेले असतात: त्याने कर्नलकडे, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याकडे, काय मागावं, हे पहिली ठरवते, कोणत्या फाइली त्याला दिसाव्यात, हे दुसरी. फायरफॉक्समधून फाइल अपलोड करायला गेलात, तर डाउनलोड्स फोल्डर दिसतो. तुमची कागदपत्रं आणि एसएसएचच्या किल्ल्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या गुप्त फाइली) दिसत नाहीत. पहिल्या दिवशी याचा वैताग येतो हे खरं, पाठवायची फाइल आधी डाउनलोड्समध्ये न्यावी लागते. पण उद्या एखाद्या वेबसाइटने ब्राउझरमधली त्रुटी वापरून आत शिरकाव केला, तर तिच्याही हाती ती कागदपत्रं आणि किल्ल्या लागणार नाहीत. ज्या मशीनवर दिवसभर अनोळखी पानं उघडली जातात, त्याला हे संरक्षण नको तर कोणाला हवं?

खात्री करायची असेल, तर लॅपटॉपच्या डिस्कला हात लावायची गरज नाही. एक यूएसबी ड्राइव्ह घ्या, इन्स्टॉल करताना डिस्क म्हणून नीट बघून तोच निवडा, आणि त्यावरून मशीन सुरू करा. 'डीमेसेज' (dmesg) कमांड वायफाय, आवाज, टचपॅड यांतलं काय ओळखलं गेलं ते ओळीओळीने दाखवते. एकदा झाकण मिटून उघडा. तुमच्या मॉडेलचं उत्तर तिथेच मिळेल.