एपी इंग्लिशला अभ्यास लागत नाही म्हणे!

दर वर्षीचं रडगाणं. अमेरिकेत अकरावीतली मुलं एपी लँग्वेज, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा इंग्रजीचा कोर्स, घेतात आणि घरातलं सगळं लक्ष कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्सवर. इंग्रजीचं नाव काढलं की न्यूजर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मराठी घरांतून एकच उत्तर येतं, "त्यात काय अभ्यास करायचा? जन्मल्यापासून इंग्रजीच तर बोलतोय!" मग पहिल्या निबंधाला सहापैकी दोन गुण पडतात आणि सगळा राग निघतो शिक्षकावर.

अहो, कोर्स कशाचा आहे ते आधी बघा ना! एपी लँग्वेज आणि एपी लिटरेचर हे दोन वेगळे कोर्स आहेत. कादंबऱ्या, कविता, नाटकं ही लिटरेचरची, जे बहुतेक शाळांत बारावीला असतं. लँग्वेजमध्ये मुख्यतः भाषणं, पत्रं, लेख, वैचारिक गद्य. लिहिणाऱ्यानं कुणासाठी लिहिलं, कोणत्या वेळी लिहिलं, आणि समोरच्याला पटावं म्हणून नेमकं काय केलं, हे उलगडून दाखवायचं असतं. घरात फाडफाड इंग्रजी बोलता येण्याचा याच्याशी काय संबंध?

कॉलेज बोर्ड ही संस्था मे महिन्यात घेते ती परीक्षा सव्वातीन तासांची. पहिला तास 45 बहुपर्यायी प्रश्न, त्यांना 45 टक्के. पुढचे सव्वादोन तास तीन निबंध, त्यांना 55 टक्के, आणि त्यातली पंधरा मिनिटं वाचनाची. म्हणजे एका निबंधाला जेमतेम चाळीस मिनिटं! 2025पासून सगळं त्यांच्या ब्लूबुक अ‍ॅपवर टाइप करायचं. तरीही वर्षभर घड्याळ लावून एकही निबंध न लिहिलेली मुलं थेट परीक्षेला बसतात. तिसरा निबंध दोन परिच्छेदांत गुंडाळला जातो, आणि खापर फुटतं "पेपर लांबलचक होता" यावर.

सगळ्यात जास्त संताप येतो तो अलंकारांच्या याद्या विकणाऱ्या क्लासेसचा. अ‍ॅनाफोरा, ज्युक्स्टापोझिशन, पॅथॉस, असे पन्नास-साठ शब्द पाठ करून घ्यायचे आणि मुलांना सांगायचं, उताऱ्यात शोधा आणि लिहा. या शोधाशोधीला गुण मिळत नाहीत! प्रत्येक निबंधाचे सहा गुण कसे वाटलेत ते कॉलेज बोर्डाच्या साइटवर सगळ्यांना फुकट वाचायला आहे. भूमिकेला एक, पुरावा आणि त्यावरच्या विवेचनाला चार, आणि विचारातल्या खोलीला एक. यात अलंकाराचं नाव ओळखण्याला स्वतंत्र गुण कुठे आहे? दाखवा.

लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण घ्या. क्लासमधून आलेला मुलगा लिहितो, "लिंकन पुनरुक्ती वापरतात, त्यामुळे श्रोत्यांचं लक्ष वेधलं जातं." हे वाक्य कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. आता हे बघा. माणसं जमली होती लढाईत पडलेल्या सैनिकांची दफनभूमी अर्पण करायला. लिंकन ओळीनं तीनदा सांगतो की ही भूमी पवित्र करणं आपल्या हातात नाही, ते इथं लढलेल्यांनी आधीच केलंय. समारंभाचा मान तो श्रोत्यांकडून काढून घेतो आणि त्याजागी अर्धवट राहिलेलं काम त्यांच्या अंगावर टाकतो, कारण नोव्हेंबर 1863मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून संपलेलं नव्हतं. पुनरुक्ती तीच, पण ती का केली आणि तिनं काय साधलं, हे इथं आलं. विवेचन म्हणतात ते हेच, आणि सहातले बहुतेक गुण इथेच आहेत. हे शिकवायला वेळ लागतो, मुलाचा कच्चा मसुदा ओळ न् ओळ वाचावा लागतो. याद्या वाटणं सोपं पडतं.

सिंथेसिसच्या, म्हणजे दिलेले स्रोत वापरून स्वतःचा मुद्दा मांडायच्या, निबंधातही तोच घोळ. सहा-सात स्रोत देतात, त्यांतले किमान तीन वापरायचे. मुलं करतात काय, तर स्रोत अ असं म्हणतो, स्रोत ब तसं म्हणतो. हा नुसता सारांश झाला! स्वतःचा मुद्दा आधी हवा, स्रोत त्याच्या मदतीला यायला हवेत, आणि विरोधात जाणारा एखादा स्रोत असला तर त्याच्याशी दोन हात करायला हवेत. भूमिका म्हणजे प्रश्नच फिरवून लिहिणं नाही, "याला फायदे आणि तोटे दोन्ही आहेत" असं मोघम वाक्यही नाही. वाद घालता येईल असं काहीतरी ठामपणे मांडा.

आणि ते जड शब्द ठासून भरणं बंद करा! खोलीचा तो सहावा गुण फार थोड्यांना मिळतो, आणि शब्दकोश ओतून तो मिळत नाही. व्याकरणाच्या किरकोळ चुकांनी काही बिघडत नाही, वाक्यच समजेनासं झालं तर मात्र विवेचनाचा चौथा गुण जातो. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापणं 2011पासून बंद आहे, तरी "निगेटिव्ह मार्किंग असतं, कोरं सोड" असं सांगणारी मोठी माणसं आजही आहेत. तुमच्या जेईईचे नियम मुलांच्या माथी मारू नका. एकही प्रश्न कोरा सोडू देऊ नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी शाळेनं दिलेलं वाचन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. रोज एक अग्रलेख वाचायला लावा, समासात लिहायला लावा की लेखकानं हा परिच्छेद इथेच का ठेवला. आठवड्याला एक निबंध, चाळीस मिनिटांत, टाइप करून. आणि शिक्षकानं लिहिलेल्या शेऱ्यांवरून तोच निबंध पुन्हा. नुसता गुण बघून कागद बाजूला टाकणाऱ्या मुलाचा पुढचा निबंधही दोनावरच अडकतो.