बेरीज कमी म्हणून निर्धास्त राहू नका

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल जवळ आला की आमच्या खानापूर-बेळगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘मुलांना हे १० प्रश्न द्या. १५ च्या आत गुण आले तर आत्महत्येचा धोका नाही. मात्र त्यांच्यासमोर तो शब्द काढू नका, डोक्यात भलतं शिरतं. गुण ग्रुपवर टाका.’

‘धोका नाही’ असं छातीठोक सांगणारी चाचणी जगात कुणाकडेच नाही. २०१७ साली ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आत्महत्येचा अंदाज नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा निघाला. मग चाचण्या कशाला? नैराश्य तपासायला दवाखान्यात वापरतात त्या ९ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ चाचणीतला नववा प्रश्न बघा: मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असं गेल्या २ आठवड्यांत किती वेळा वाटलं? आधीच्या ८ प्रश्नांना शून्य आणि इथे १, तर बेरीज फक्त १. मेसेजच्या हिशेबाने पोर सुखरूप! जाणता समुपदेशक मात्र त्या एकापाशीच थांबतो आणि बोलायला लागतो.

आणि उत्तरं खरी असतात का? एका आईने मला मोबाईलवर भरलेला असाच एक फॉर्म दाखवला. सगळीकडे ‘कधीच नाही’. पोरगी भरत होती तेव्हा आई शेजारीच मेथी निवडत बसलेली. फॉर्म इंग्रजीत, शाळा कन्नड, घर मराठी. त्यातल्या ‘होपलेस’चं (म्हणजे आशाच सुटल्यासारखं वाटण्याचं) विचारलं तर पोरगी म्हणाली, ‘मी काय होपलेस हाय व्हय? सगळी कामं करतो की!’

विचारल्याने डोक्यात शिरतं, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं होतं. २००५ साली निष्कर्ष आले. विचारलेल्यांचा त्रास वाढला नव्हता. आधीच उदास असलेल्यांचा तर उलट थोडा कमी दिसला. तेव्हा आपल्याच बोलीत विचारा, ‘मरावंसं वाटतंय का गं?’ ‘हो’ म्हणाली तर रागावू नका, एकटीला सोडू नका. फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात टाका. डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत.

गुण ग्रुपवर टाकण्याबद्दल काय बोलायचं? पोरीने उद्या खरं सांगायचं ठरवलं, तरी ते अख्ख्या गल्लीला कळणार असेल तर ती कशाला सांगेल?