उखळातला चिलया आणि कपाटावरचं पुस्तक

आमचा कट्टा म्हणजे पोवई नाक्याजवळच्या एका बोळातली, मेडिकलच्या दुकानापुढची पायरी. रात्री नऊनंतर मेडिकलवाला अर्धं शटर ओढतो आणि आम्ही चौघंपाचजण बूड टेकतो. शनिवारी पम्या आला तो फुणफुणतच.

झालं होतं असं. लेकीच्या नवव्या वाढदिवसाला यानं हौसेनं ‘श्यामची आई’ आणली. पोरगी वाचत वाचत शेवटच्या रात्रींपर्यंत पोचली, श्यामची आई गेली, आणि पोरगी दोन दिवस रडतेय. जेवत नाही, नीट बोलत नाही. बायकोनं पम्याला झापलं. पुस्तक आता कपाटावर, सुटकेसच्या मागं.

“बास झालं ते रडणं,” पम्या म्हणाला. “पोरांना जरा उभारी येईल असं द्यावं. सकारात्मक.”

(हा शब्द हल्ली मिठासारखा कशातही घालतात.)

मास्तर उसळलेच. मास्तर निवृत्त झालेत, पण आवाज अजून नोकरीत आहे. “अरे, साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. 1933, फेब्रुवारीची 9 ते 13. पाच दिवसांत! आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी माणसाच्या मनातून गेली नव्हती. आणि तू ते सुटकेसमागं टाकतोस? मी पाचवीच्या वर्गाला दर शनिवारी वाचून दाखवायचो. एक पोरगं बिघडलं नाही.”

“मास्तर, तुमच्या वेळची पोरं वेगळी.”

“पोरं तीच असतात रे. आईबाप हळवे झालेत.”

वकील इतका वेळ शेंगा सोलत होता. तो म्हणाला, जुनं ते सगळं शहाणं, असं मी नाही म्हणणार. त्याची आजी जात्यावर चिलया बाळाच्या ओव्या म्हणायची. शंकर अतिथी होऊन येतो, श्रियाळ राजाच्या पोराचंच मांस मागतो, चांगुणा पोटच्या पोराचं डोकं उखळात घालून कांडते. “चौथीपर्यंत मी दुपारचा एकटा स्वयंपाकघरात जात नव्हतो. उखळ तिथं कोपऱ्यात होतं ना.”

“पण चिलया जिवंत होतो शेवटी!” मास्तर म्हणाले. “आपल्या सगळ्या कहाण्या तशाच. काय वाटेल ते होतं, पण साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.”

“शेवटपर्यंत जागं कोण राहायचं? मी उखळापाशीच झोपायचो. तो जिवंत होतो हे मला कॉलेजात कळलं.”

हसून हसून चहा सांडला. पण वकिलाचं म्हणणं मला पटलं. गोष्ट अर्ध्यात सुटली की तेवढीच डोक्यात राहते, आणि पम्यानं पुस्तक उचलून नेमकं तेच केलं होतं.

मी पम्याला विचारलं, धाकट्याला काय सांगतोस? तर म्हणे चिऊकाऊ, पण बदलून. काऊचं शेणाचं घर वाहून जातच नाही. तो सहज येतो, चिऊ लगेच दार उघडते, दोघं भजी खातात.

“मग?”

“मग तो म्हणतो, बाबा, आता गोष्ट सांगा.”

बरोबर आहे त्याचं. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ म्हणत काऊला पावसात ताटकळत ठेवण्यातच तर सगळी गंमत. आमच्या घरी तर चिऊचं तीट लावून झालं की आम्हीच ‘आता पावडर, आता झबलं’ करत काऊला आणखी भिजवायचो.

मेडिकलवाला कधी मध्ये बोलत नाही. तो गल्ल्याचे पैसे मोजता मोजता म्हणाला, “मी सात वर्षांचा असताना वडील गेले. मला सांगितलं, मुंबईला गेलेत. मी रोज शाळा सुटली की एसटी स्टँडवर. मुंबईच्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या मला. विटीदांडू खेळताना डावावरून भांडण झालं, तेव्हा एका पोरानं तोंडावर फेकलं, तुझा बाप मेलाय. खोटं बोलल्याचा राग नाही मला. सगळ्या वर्गाला माहीत होतं आणि मलाच नव्हतं, त्याचा आहे. अजून आहे.”

त्यानं नोटांना रबर लावलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

मग पम्यानं खरी गोष्ट सांगितली. पोरगी पुस्तकासाठी रडत नव्हती. पहिल्या रात्री तिनं आईला विचारलं होतं, “तू कधी मरणार?” आई म्हणाली, “काहीतरी बोलू नकोस, झोप.” रडणं सुरू झालं ते त्यानंतर.

“आता पुस्तक खाली काढतो,” पम्या म्हणाला. “पण परत विचारलं तर काय सांगू? मास्तर, तुम्ही सांगा. तुमच्या वर्गात पोरं विचारत असतील की.”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

“नाही विचारलं कोणी,” ते म्हणाले. “आई जाते तिथपर्यंत मी वाचतच नव्हतो. पुस्तक मिटायचो. म्हणायचो, पुढचं घरी वाचा.”

“तीस वर्षं?” वकील म्हणाला.

“बत्तीस.”