‘सातवी-आठवीत मैत्रिणी कशाला?’ : पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

जून उजाडला की कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच आठवड्यात चौघांनी पाठवला. थोडक्यात तो असा: सहावी ते आठवी ही पाया घालायची वर्षं, त्यात मित्र-मैत्रिणी म्हणजे वेळेची नासाडी. शाळेतली मैत्री शाळेबरोबर सुटते. मुलं बिघडतात ती मित्रांमुळेच. आई-वडील हेच खरे मित्र. शाळेतली भांडणं मुलांची मुलांना मिटवू द्यावीत, त्यानं ती घट्ट होतात. आणि आमच्या वेळी हे ताण वगैरे काही नव्हतं.

मी गेली एकोणीस वर्षं याच तीन इयत्तांना शिकवते. हा मजकूर प्रमाण मानून एका आईनं मागच्या वर्षी मुलीची तुकडी बदलून घेतली, कारण ती आणि तिची मैत्रीण ‘सारख्या कुजबुजतात’. म्हणून हे लिहायला बसले.

आधी वेळेचं बघू. ती मुलगी नव्या तुकडीत गेली आणि तिचा वेळ वाचला, हे खरं. मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता बाकावर बसून राहायची. गणितात अडलं तर विचारायला कुणी नाही, म्हणून वही कोरी. पहिल्या घटक चाचणीत तिचे मार्क घसरले आणि आईनं आणखी एक क्लास लावला. मुलं एकमेकींकडून किती शिकतात हे शिक्षकाला वर्गात उभं राहून दिसतं. माझं समजावणं ज्या पोरीच्या डोक्यावरून गेलं, तिला शेजारणीनं तिच्याच भाषेत दोन ओळींत सांगितलं की ते उतरतं.

शिवाय मैत्रीचं काम अभ्यासापलीकडेही आहे. कॅनडात मॉन्ट्रियलमध्ये पाचवी-सहावीच्या 103 मुलांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं चार दिवस, दिवसातून अनेकदा, आत्ता काय घडलं, सोबत कोण होतं आणि स्वतःबद्दल काय वाटतंय ते लिहीत होती. त्यांची लाळही तपासली जात होती, कारण ताण वाढला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक लाळेत वाढलेलं दिसतं. वाईट प्रसंगी मूल एकटं असेल तर कॉर्टिसॉल चढायचं आणि स्वतःबद्दलचं मत खाली यायचं. जिवाभावाचा मित्र शेजारी असेल तर दोन्हींत फारसा फरक पडायचा नाही. शेजारी असण्याचा परिणाम थेट शरीरात मोजता आला. ‘नुसत्या बसून असतात दोघी’ म्हणून तक्रार करणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगते.

मैत्री शाळेबरोबर सुटते, या मुद्द्याला उत्तर आपल्या गावातच आहे. भाऊसिंगजी रोडवरून आपण रोज जातो. हे भाऊसिंगजी म्हणजे भावनगरचे महाराज. शाहू महाराज अकरा-बारा वर्षांचे असताना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला गेले, तिथं या दोघांची गाठ पडली. त्या शाळकरी दोस्तीची खूण कोल्हापूरच्या रस्त्यावर आजही आहे. पण हे उदाहरण विरळ, हे मी मान्य करते. बहुतेक मैत्र्या खरंच सुटतात. तरी त्यांचा ठसा मागे राहतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाचवीतली 60 मुलं बारा वर्षांनी पुन्हा गाठली. निम्म्यांना तेव्हा पक्का, दोन्हीकडून मानलेला मित्र होता, निम्म्यांना नव्हता. ज्यांना होता, त्यांना मोठेपणी स्वतःची किंमत जास्त वाटत होती. साठ हा आकडा लहान आहे, त्यावर सगळा डोलारा उभारू नये. पण ‘सुटली म्हणजे वाया गेली’ हे त्यातून तरी निघत नाही.

बिघडण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी 2005 मध्ये संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळावर प्रयोग केला. 13 ते 16 वयाची मुलं एकटी खेळताना जेवढा धोका पत्करत, बरोबरीचे बघत असले की त्याच्या दुपटीच्या आसपास पत्करत. मोठ्या माणसांत असा फरक दिसला नाही. म्हणजे या वयात सोबत्यांची नजर जोरदार काम करते. रंकाळ्यावर मोपेड पळवणारा आठवीतला पोरगा एकटा असता तर इतकी पळवता ना. पण तीच नजर दुसरीकडेही खेचते. घरच्यांनी दहा हाका मारूनही न उठणारा मुलगा तालमीतल्या दोस्तांसाठी पहाटे गांधी मैदानावर फुटबॉलच्या सरावाला हजर असतो. तेव्हा दोस्त कोण आहेत हे बघा, त्यांना घरी बोलवा, पोहे खायला घाला, त्यांची नावं माहीत असू द्या. दोस्तच नकोत म्हटलं की भेटणं थांबत नाही, फक्त तुम्हाला कळेनासं होतं.

आई-वडील मित्र असावेतच. पण रुसून पुन्हा बोलायला लागणं, माफी मागणं, बरोबरीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणं हे बरोबरीच्यांतच शिकता येतं. आईशी कट्टी केली तरी ताट वाढलेलं असतंच.

आता भांडणं. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो मजकूर दोन वेगळ्या गोष्टी एक करतो. दोघी तोलामोलाच्या, पेनावरून किंवा चुगलीवरून भांडल्या, तिसऱ्या दिवशी गळ्यात गळे. त्यात मोठ्यांनी पडूच नये. पण सात-आठ जणी एकीशी बोलायचं नाही असं ठरवतात, पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे, तो छळ असतो. ललितपंचमीला सगळ्या टेंबलाईच्या टेकडीवर जातात, हिला सांगत नाहीत, आणि संध्याकाळी फोटो मात्र हिला दिसतील असे टाकतात. त्यातून पोर घट्ट होत नाही, ती गप्प होते. सकाळी पोट दुखायला लागतं, रविवारी दुखत नाही. असं दिसलं तर वर्गशिक्षकांना एकांतात भेटा, तारखा लिहून न्या, आणि त्या मुलींच्या आयांशी ग्रुपवर भांडू नका, त्याचा भार पोरीवरच येतो. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. सरकारी रुग्णालयांत 10 ते 19 वयोगटासाठी ‘मैत्री’ नावाचीच क्लिनिक आहेत.

राहिलं ‘आमच्या वेळी’. शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेनं 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा 81 टक्क्यांनी काळजीचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे सांगितलं. आमच्या लहानपणी हे विचारलंच कुणी नव्हतं. आणि नव्हतं म्हणावं, तर मी स्वतः साक्षीदार आहे. आठवीत आमच्या वर्गात एक मुलगी होती, शेतातून सायकलनं यायची. तिच्या अंगाला गोठ्याचा वास येतो असं कुणीतरी म्हणालं आणि तिच्याशी बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं. ठरवणाऱ्यांत मीही होते. गणपतीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. बाईंनी आठेक दिवस हजेरीत तिचं नाव घेतलं, मग घेणं बंद केलं.