एक सीट कमी

गाडी सात जणांची, आणि पुण्याहून निघालो तेव्हा आम्हीही बरोब्बर सातच होतो. नवरा, मी, दोन मुलं, सासू-सासरे आणि नणंद. गोव्यातल्या पाचव्या रात्री सासूबाईंनी जाहीर केलं की म्हापशाच्या मावशी गुडघा दाखवायला आपल्याबरोबर पुण्याला येणार आहेत. खोलीत शांतता पसरली. सगळे मनातल्या मनात सीटा मोजत होते.

"जाऊ दे, मी येते रात्रीच्या बसने," मी म्हटलं. हे मी इतक्या खोल आवाजात म्हटलं की सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. नणंद म्हणाली, "वहिनी नेहमी अशीच." नवरा म्हणाला, "अगं, पण दिवसभर एकटी काय करशील?" मी म्हटलं, "बसेन कुठेतरी." मनात ढोलताशाचं पथक वाजत होतं, पण चेहरा श्राद्धाचा ठेवला होता.

सकाळी साडेसातला मला पणजीच्या कदंब बसस्टँडवर उतरवण्यात आलं. बस रात्री सव्वाआठची. सोबत माझी बॅग आणि डिकीत न मावलेली एक पिशवी. तिच्यात काजू, आमसुलं, आगळाच्या दोन बाटल्या आणि धाकट्याने मिरामारला गोळा केलेल्या शिंपल्यांचा डबा. शिंपल्यांपैकी निदान एकात अजून कुणीतरी राहत असावं, असा वास येत होता. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातल्या मुलाने पिशवी ठेवून घेतली आणि दोन मिनिटांनी खिडकी उघडली.

आधी नाश्ता. बाजाराजवळच्या एका जुन्या, गर्दीच्या हॉटेलात शिरले. वेटरने विचारलं, "कितें जाय?"

"आम्हाला..." मी सुरुवात केली. त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि पाण्याचे चार ग्लास आणून ठेवले.

मग भाजी-पावातली भाजी कुठली, ते त्याने सांगितलं. सुकी, पातळ, टोमॅटोची, अळसांद्यांचं तोणाक, नाहीतर दोन एकत्र करून मिक्स. सोबत पाव की बन, आणि मिरची वेगळी. मी गप्प. हॉटेलात माझी ऑर्डर एकवीस वर्षं ठरलेली आहे: "मला वेगळं नको, मी तुमच्यातलंच घेते." थोरल्याचा उरलेला अर्धा डोसा, धाकट्याने तिखट म्हणून सरकवलेली मिसळ, सासूबाईंना न झेपलेली इडली. आता टेबलावर मी आणि चार ग्लास. घेणार कुणातलं?

"जी संपत आली असेल ती द्या," मी म्हटलं.

"मॅडम, आठ वाजलेत. सगळे टोप भरलेले आहेत."

शेवटी त्यानेच कीव येऊन मिक्स आणली. पातळ भाजीत नारळाचं वाटण, वर सुकी बटाट्याची, बाजूला मऊ पाव. मी ती गरम खाल्ली. पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत गरम. मधे उठून कुणाचा हात धुवायचा नव्हता, कुणाची मिरची काढायची नव्हती. चहाला ओठ लावला आणि फोन वाजला. म्हापसा. "मावशी बसल्या. उलटीच्या गोळ्या कुठेयत?"

"माझ्या पर्समध्ये," मी म्हटलं, आणि पर्सकडे पाहिलं. ती माझ्या मांडीवर होती.

नंतर चर्चला गेले. टेकडीवरच्या त्या पांढऱ्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या चढताना सगळ्यांचाच दम निघतो. इथे पहिलं छोटं प्रार्थनाघर १५४१ साली उभं राहिलं. लिस्बनहून जहाजं आली की खलाशी आधी इथे येऊन सुखरूप पोचल्याबद्दल आभार मानत. मीही हात जोडले. माझी माणसं सुखरूप गेली म्हणून.

पायऱ्यांवर सांगलीकडचं एक कुटुंब फोटोसाठी उभं होतं. "ताई, जरा आमचा एक फोटो काढता का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पाच मिनिटांनी मी त्यांच्या आजोबांना सावलीत बसवलं होतं, बाळाच्या टोपीची नाडी बांधली होती आणि त्यांच्या सूनबाईला, "पाणी कमी घेऊन निघालात तुम्ही," असं ऐकवलं होतं. सूनबाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखते. मीही तशीच बघते. तिथून पळ काढला.

फोंतेनेश ही पणजीतली जुनी पोर्तुगीज वस्ती, म्हणजे निळ्या-पिवळ्या-लाल भिंती, कौलं आणि तीन पावलांत संपणाऱ्या बाल्कन्या. हे खूपच सुंदर आहे आणि त्याचंच दुःख आहे. दर दाराशी कुणीतरी केस उडवत उभं होतं. घरातून एक आजी कचरा टाकायला बाहेर आल्या, तर फोटोग्राफरने त्यांना थांबवलं. स्वतःच्या उंबऱ्यावर, हातात कचऱ्याची पिशवी धरून, लग्नाआधीच्या फोटोसाठी थांबलेल्या त्या बाईशी माझी नजरानजर झाली. आम्ही दोघी काही बोललो नाही, पण पुष्कळ बोलणं झालं. इथे सावंतवाडी वाजली: लाकडी खेळणी घ्यायची का? नको. पाठोपाठ आंबोली: पिशवी कुठेय? कसली पिशवी, हे विचारायची गरज पडली नाही. मागून मावशी ऐकू येत होत्या.

एकच्या सुमाराला शटरं खाली येऊ लागली. नणंदेसाठी बेबिंका, म्हणजे गोव्याची ती थराथरांची मिठाई, घ्यायची होती. दुकानदाराने माझ्यासमोर कुलूप लावलं आणि प्रेमाने म्हणाला, "चारांक यो." सुट्टीवर आलेली मी उन्हात उभी, आणि कामावरचा तो झोपायला घरी.

जुन्या सचिवालयाशी, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याशी, आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजला. झोप माझ्या हातातून येत नाही, ती तुमच्याच मनातून येते, असं त्याचं म्हणणं. पुतळ्यात तो दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि समोर एक बाई मागे कलंडली आहे. भर दुपारी, भर चौकात एक बाई आडवी होतेय आणि तिला कुणी उठवत नाही! मी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले. फारियाकडे नंतर पाहिलं.

या फारियाची एक गोष्ट गोव्यात सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची बोबडी वळली. तेव्हा जवळच असलेले वडील कोकणीतून पुटपुटले, "ही सगली भाजी. कातर रे भाजी!" समोरचे सगळे म्हणजे भाजीपाला, बिनधास्त चिरत सुट. आणि पोरगा घडाघडा बोलायला लागला. मला हे फार पटलं. एकवीस वर्षं रोज सकाळी भाजी चिरतेय, पण तिचा असा उपयोग कुणी सांगितला नव्हता.

कोल्हापूरचा फोन आला तेव्हा मी मांडवीवर होते. बेतीची फेरीबोट पायी जाणाऱ्याला फुकट आहे हे कळल्यावर माझ्यातली पुणेकरीण जागी झाली. गेले आणि आले. पुन्हा गेले आणि आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा स्कूटरवाले आणि मासळीच्या टोपल्या सगळे बदललेले, मी तीच, त्याच कठड्याशी. पलीकडे कसिनोच्या बोटी. फेरीबोटीवरच्या माणसाने शेवटी विचारलं, "बाई, काय शोधताय?"

मला उत्तरच सुचेना. सहा दिवस मी सतत काहीतरी शोधत होते. मोजे, गॉगल, सासऱ्यांची कवळी, गाडीची किल्ली.

"काही नाही," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि दोर सोडला.

चारनंतर बेबिंका घेतली. एक नणंदेला आणि एक छोटी मला. माझी मी बसस्टँडवरच्या बाकावर बसून संपवली, एकेक पापुद्रा सोलून. त्याचा उल्लेख घरी होणार नाही.

बस सुटली आणि फोन आला. नवरा. "पोचलो गं. सगळ्यांना भुका लागल्यात, मावशी तर दिवसभर उपाशीच आहेत. फ्रीजमध्ये नुसता एक दुधी आहे. काय करू?"

मी सीट मागे केली, चादर गळ्यापर्यंत ओढली.

"कातर रे भाजी," मी म्हटलं.