मरणाचे स्मरण आणि कर्जाचा हप्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वर्षातून एकदा तरी आपल्या मरणाचा शांतपणे विचार करावा आणि त्या विचाराच्या उजेडात नोकरी, पैसा व घर यांविषयीचे आपले निर्णय तपासून पाहावेत, असे मी लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपण बदलापूरला राहता, रोज मुंबईत फोर्टपर्यंत नोकरीसाठी येता, गृहकर्जाची बरीच वर्षे अजून शिल्लक आहेत आणि मुले शाळेत आहेत. अशा माणसाला मरणाचे चिंतन परवडत नाही, ती कर्जे फिटलेल्यांची चैन आहे. शिवाय उद्याचा भरवसा नाही हे लोकांनी खरोखरच मनावर घेतले, तर कोणी बचत करणार नाही आणि जो तो नोकरी सोडून हिंडू लागेल. आणि लहान मुलांच्या घरात असले विषय काढणे अभद्र आहे. शेवटी आपण विचारले आहे की, मग माझ्यासारख्याने नेमके करायचे तरी काय?

बचतीच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. आजचा दिवस शेवटचा समजून जगा, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. मला तो उपदेश मुळातच चुकीचा वाटतो, कारण आपल्याला मरणाची तारीख कळली आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. मरण निश्चित आहे आणि त्याची वेळ अनिश्चित आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणे हेच या चिंतनातले अवघड काम आहे. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये जन्मले आणि धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये. १८९१ पासून काही वर्षे दोघेही पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. दम्याने जर्जर झालेले आगरकर १८९५ मध्ये गेले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. कर्वे त्यानंतर ६७ वर्षे जगले आणि १९६२ मध्ये वयाच्या एकशेपाचाव्या वर्षी गेले. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून उरलेला सगळा वेळ लोकांच्या कामी लावीन, असे आगरकरांनी विद्यार्थिदशेतच आईला कळवले होते, आणि लाभलेल्या थोड्या वर्षांत त्यांनी तेच केले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, म्हणजे आज राज्य सरकारचा बहुतेक नोकरवर्ग ज्या वयात निवृत्त होतो त्या वयाचे. एकाच महाविद्यालयातल्या या दोन शिक्षकांपैकी कोणाच्या वाट्याला किती वर्षे येणार आहेत, हे १८९१ मध्ये कोणी सांगू शकले असते का?

म्हणून मरणाचा विचार करणाऱ्याला दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते : लवकर गेलो तर मागे राहणाऱ्यांचे काय, आणि खूप जगलो तर माझे काय. दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जाते. भारतातले सरासरी आयुर्मान ७० वर्षांच्या आसपास आहे, हे ऐकून लोक सत्तरीपर्यंतचाच हिशेब मांडतात. पण ती सरासरी जन्मापासूनची असते, आणि तिच्यात बालमृत्यूही धरलेले असतात. साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी १८ वर्षे असतात, आणि सरासरी म्हटली की त्याहून अधिक जगणारेही पुष्कळ असणार. हे ज्याने नीट ध्यानात घेतले, तो म्हातारपणासाठी बचत करील, बहुधा आज करतो त्याहून अधिकच करील. बचत मोडून हिंडायला निघणारा माणूस मरणाचा अर्धाच विचार करून उठलेला असतो.

आता गृहकर्जाविषयी. हप्ता चालू असताना मरणाचा विचार परवडत नाही, हे आपले विधान मला सर्वांत अमान्य आहे. ज्याचे कर्ज फिटले आहे तो उद्या गेला तर घरात दुःख होईल, पण छप्पर राहील. ज्याचे कर्ज फिटलेले नाही त्याचे तसे नाही, कारण कर्जदार गेला म्हणून कर्ज संपत नाही. पत्नी सहकर्जदार असेल तर पूर्ण हप्ता तिच्याच माथी येतो, आणि नसेल तरी तारण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क कायम राहतो. या एका गोष्टीकडे डोळे उघडून पाहिले की, पैशाचे पुष्कळसे निर्णय आपोआप स्पष्ट होतात. मुदत संपल्यावर काही परत मिळावे म्हणून महागडी पॉलिसी घ्यायची, की परतावा न देणारा पण कर्जाची पूर्ण रक्कम आणि वर घराचा काही वर्षांचा खर्च भागवील असा टर्म इन्शुरन्स घ्यायचा, हा निर्णय मरण खरोखर डोळ्यांसमोर असेल तरच बरोबर होतो. एरवी आपल्याला काहीच होणार नाही असे मनोमन धरून आपण पहिला पर्याय निवडतो, आणि विमा पुरेसा नसताना विमा काढल्याचे समाधान मात्र बाळगतो.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या आतबाहेर असताना हृदयविकाराने गेले. माणूस अतिशय जबाबदार; हप्ता कधी चुकला नव्हता, मुलांची फी कधी थकली नव्हती. पण पॉलिसीचे कागद कार्यालयातल्या खणात होते, एका जुन्या खात्याला नॉमिनी म्हणून, म्हणजे आपल्या मागे पैसे स्वीकारायला, लावलेली त्यांची आई त्यांच्या आधीच वारलेली होती, आणि प्रत्येक ठिकाणी लागणारा ओटीपी ज्या मोबाइलवर येत होता तो उघडायचा कसा, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या पत्नीबरोबर मी काही ठिकाणी गेले आहे. त्या बाईंना शोक करायलाही सवड मिळाली नाही, हे मी पाहिले. रिझर्व्ह बँकेच्या ज्या निधीत दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी वर्ग होतात, त्यात मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. हे सगळे पैसे मृतांचे असतील असे नव्हे, पण त्यांतल्या किती ठेवी अशा घरांतल्या असतील याचा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

आणि हक्काच्या गोष्टीही लोकांना ठाऊक नसतात. पीएफ कापला जाणारा कर्मचारी नोकरीत असताना गेला तर त्याच्या कुटुंबाला पीएफशी जोडलेल्या विम्यातून ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी संपताना मालकाकडून मिळणाऱ्या रकमेसाठी, एरवी लागणारी पाच वर्षांच्या सेवेची अट मृत्यूच्या प्रसंगी लागू होत नाही. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, या सरकारी योजना तर साध्या बचत खात्यावरही मिळतात. ज्यांना मरणाचा विचार ही चैन वाटते, त्यांनी या रकमा मुद्दाम पाहाव्यात.

खरे तर मुंबईतल्या कष्टकऱ्यांनी हा विचार कधीच टाळला नव्हता. गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीत, कोकणातून आणि घाटावरून आलेले लोक गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांच्या सामाईक खोल्यांत दाटीवाटीने राहत. त्यांची गावमंडळे होती, मंडळाची वर्गणी होती, आणि कोणी गेला तर अंत्यविधीपासून मागे राहिलेल्या माणसांना गावी पोचवण्यापर्यंत मंडळाची माणसे उभी राहत. तुटपुंज्या पगारातून दिलेली ती वर्गणी म्हणजे मरणाचा विचारच होता, फक्त तो एकट्याने न करता सर्वांनी मिळून केलेला होता. आता आपण ब्लॉकमध्ये राहतो, दार लावून घेतो, आणि मंडळाने करायचे ते सगळे काम एकट्या नवरा-बायकोवर येऊन पडते. म्हणून त्या दोघांनी तरी या विषयावर बोलायला हवे. आपण ज्या लोकलने येता-जाता त्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी जीव गमावतात. यांतले बहुतेक जण आपल्या-माझ्यासारखे सकाळी घरून निघालेले असणार.

इथपर्यंतचे सगळे पैशाने भरून काढण्यासारख्या गोष्टींविषयी झाले. माझा खरा आग्रह आहे तो त्यापुढच्या गोष्टीसाठी. विमा पगाराची जागा घेऊ शकतो, माणसाच्या हजेरीची घेऊ शकत नाही. बदलापूर ते फोर्ट, स्टेशनपर्यंतचे चालणे आणि गाडीची वाट पाहणे सोडले तरी, जाऊन-येऊन रोजचे तीन तास होतात असे समजू. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९०० तास, आणि तीस वर्षांच्या नोकरीत २७,००० तास होतात. दिवस-रात्र मोजली तर ही तीन वर्षांहून अधिक भरतात. हा हिशेब आपल्याला खिजवण्यासाठी मांडलेला नाही. मुंबईत घर घेणाऱ्यापुढे फारसे पर्याय नसतात हे मी जाणते, आणि बदलापूरला घेतलेले घर हा त्या वेळचा शहाणपणाचाच निर्णय असेल. पण घर एकदाच घेतले जाते आणि नोकरीचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात : ठाण्यात थोड्या कमी पगाराची जागा निघते, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची सोय मागता येते, बढतीबरोबर दुसऱ्या शहरात बदली येते, किंवा गुंतवणूक म्हणून दुसऱ्या फ्लॅटचे कर्ज काढावे की नाही असा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी आपण बहुतेक जण फक्त पगाराचा आकडा पाहतो, कारण तो लिहिलेला असतो. मुलगी दहा वर्षांची असण्याचे वर्ष एकदाच येते आणि गावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या आयुष्यातली वर्षे मोजकीच उरली आहेत, हे कुठे लिहिलेले नसते. मरणाचे स्मरण तो दुसरा आकडा डोळ्यांपुढे आणते. तो पाहूनही एखाद्याने बढतीच निवडली तर माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या फ्लॅटच्या बाबतीत मात्र मी स्पष्टच सांगते : भाड्याने हप्त्याचा थोडाच भाग सुटत असेल आणि उरलेल्यासाठी दोघांनाही पंधरा वर्षे ओढाताण सहन करावी लागणार असेल, तर तो घेऊ नये. आम्ही घेतला नाही.

आपल्या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. जवळचे कोणी गेले की माणसे भलतेच निर्णय घेतात. नोकरीचा राजीनामा देतात, राहते घर विकतात, सगळी पुंजी एकाच मुलाच्या नावावर करून टाकतात. हे स्मशानवैराग्य आहे आणि त्याचा भर ओसरला की पश्चात्ताप उरतो. म्हणूनच हा विचार घरात सगळे ठीक असताना करावा असे मी लिहिले होते, आणि कोणी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात शक्य तोवर मोठे व्यवहार करू नयेत हेही त्याला जोडते. आधीपासूनच खिन्नतेने ग्रासलेल्या माणसाला तर मी हा विषय काढायला सांगणारच नाही. त्याने डॉक्टरांकडे जावे.

अभद्रपणाविषयी आपण जे लिहिले आहे त्याचा मला रागही आला नाही आणि आश्चर्यही वाटले नाही, कारण बहुतेक घरांत हेच ऐकू येते. पण न बोलण्याची किंमत रुग्णालयात मोजावी लागते. वडील अतिदक्षता विभागात असतात, त्यांची शुद्ध हरपलेली असते, डॉक्टर विचारतात की कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करायचा का, आणि त्यांना स्वतःला काय हवे होते हे कोणालाच माहीत नसल्यामुळे मुले होकार देत राहतात. बचत संपते, दागिने जातात, आणि भावंडांत कायमची कटुता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करता येते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची अखेरची शुश्रूषा करत आले आहे. अशी जागा आहे आणि असा मार्ग आहे, हे घरात आधी बोलले गेले असेल तरच वेळ आल्यावर सुचते. मुलांसमोर सगळे बोलावे असे मी म्हणत नाही. आई-वडिलांशी मात्र बोलावे, आणि त्यांनी विषय काढला तर 'असे बोलू नका' म्हणून त्यांना गप्प करू नये.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. एखाद्या रविवारी पत्नीबरोबर बसा आणि खाती, पॉलिसी, पीएफ, कर्ज आणि कोणाचे येणे-देणे यांची एका वहीत नोंद करा. मोबाइल कसा उघडायचा हे एकमेकांना सांगा. प्रत्येक ठिकाणचा नॉमिनी कोण आहे ते पाहा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही लक्षात ठेवा. समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे, आणि महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. म्हणून मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही सह्या केल्या की पुरते. ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीदार करू नका, म्हणजे पुढे वाद राहणार नाही. पत्नीनेही तिचे मृत्युपत्र करावे; हे बहुतेक घरांत राहून जाते. यानंतर टर्म इन्शुरन्सची रक्कम शिल्लक कर्जाशी ताडून पाहा. त्या तीन तासांचा विषय त्याच दिवशी काढायची गरज नाही, तो सावकाश बोलण्याचा आहे; पण पुढची बढती, बदली किंवा नवे कर्ज समोर येण्याआधी तो दोघांत एकदा झालेला असू द्या.